एका क्लिकला दोन क्लिक: माउस फेकून देण्याआधी एवढं करून बघा

तीन वर्षांपूर्वीची लग्नसराई. कोरलड्रॉ या छपाईची पानं मांडायच्या प्रोग्रॅममध्ये एक पत्रिका लावत होते आणि वराच्या आजोबांच्या नावाची ओळ जरा लहान करायची होती. कोरलमध्ये ओळीवर एकदा क्लिक केलं की तिच्या कडेने काळे चौकोन येतात. कोपऱ्यातला चौकोन ओढला की अक्षर लहान-मोठं होतं. त्याच ओळीवर पुन्हा क्लिक केलं तर चौकोनांच्या जागी वाकडे बाण येतात, म्हणजे आता ओढलंत तर ओळ फिरेल. मी एकदाच क्लिक केलं होतं, तरी बाण आले. घाईत कोपरा ओढला आणि ओळ फिरली. अर्धा अंशसुद्धा नसेल. रोमन अक्षरं असती तर नजरेतून सुटलं असतं, पण देवनागरीला शिरोरेखा आहे. ती सरळ रेघ स्क्रीनवर मध्येच एक पायरी खाली उतरलेली दिसली, थोडं पुढे आणखी एक पायरी. म्हणून छपाईला जायच्या आत सापडलं.

त्या आठवड्यात असं बरंच काही झालं. पिक टूल, म्हणजे वस्तू निवडायचा बाण, घेतलं की पानावरचं सगळंच निवडलं जायचं. चौकोन काढायचं टूल घेतलं की पानाएवढी चौकट आपोआप पडायची. एका फाइलमध्ये तशा चार चौकटी एकावर एक सापडल्या. कोरल वापरणाऱ्यांच्या लक्षात आलं असेल, ही सगळी डबल क्लिकची कामं आहेत. फाइल ओढून दुसऱ्या फोल्डरमध्ये नेताना मध्येच हातातून सुटायची आणि भलत्याच फोल्डरमध्ये जाऊन पडायची. मजकूर निवडताना निवड अर्ध्यावर तुटायची.

मी आधी कोरलला दोष दिला, ते काढून पुन्हा टाकलं. मग एका दुरुस्तीवाल्याने ‘विंडोज करप्ट झालंय’ म्हणून मशीन फॉरमॅट केलं. सगळे मराठी फॉन्ट परत बसवण्यात माझा एक दिवस गेला आणि तिसऱ्या दिवशी तेच सुरू झालं. शेवटी नवा माउस आणला, त्रास थांबला. चौदा महिन्यांनी नव्या माउसलाही हेच लागलं. तेव्हा मात्र मी तो उघडला. त्यानंतर माझे, नणंदेचे, शेजारच्या क्लासमधले असे बरेच माउस दुरुस्त केले. ज्यांचं पोट माउसवर आहे त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे. ऑपरेटर माणूस आधी स्वतःच्या हाताला दोष देतो, मग कॉम्प्युटरला, आणि खरा दोष असतो डाव्या बटणाखालच्या चिंचोक्याएवढ्या एका स्विचमध्ये.

आधी खात्री करून घ्या

कुठल्याही खिडकीच्या वरच्या पट्टीवर, जिथे फाइलचं नाव असतं तिथे, कर्सर ठेवा. सेकंदाला एक या संथ गतीने पन्नास वेळा क्लिक करा. विंडोजमध्ये त्या पट्टीवर डबल क्लिक केलं की खिडकी मोठी होते किंवा पुन्हा लहान होते. तुम्ही एकेकच क्लिक करताय, तेव्हा ती एकदाही हलायला नको. पन्नासात एकदा जरी हलली तरी दोष आहे. सुरुवातीला एखादवेळच होतं, मग पाच, मग दहा. हा आजार आपोआप बरा होत नाही, वाढत जातो.

दुसरी चाचणी पेंटमध्ये. ब्रश घ्या, डावं बटण दाबून धरा आणि बोट न उचलता पानभर भराभर वेटोळी काढा. रेघ कुठे तुटली तर तिथे स्विचने हात सोडलाय. ही चाचणी मला पहिलीपेक्षाही महत्त्वाची वाटते. एका क्लिकचे दोन झाले तर ते दिसतं तरी. ओढताना सुटलेली फाइल कुठे गेली हे कळायला दोन दिवस जातात.

आता विंडोजच्या माउस सेटिंगमध्ये जाऊन मुख्य बटण डाव्याऐवजी उजवं करा आणि दोन्ही चाचण्या उजव्या बटणाने पुन्हा करा. उजव्याने सगळं नीट चाललं तर विंडोज, कोरल, केबल सगळे निर्दोष. डाव्या बटणाचा स्विच गेलाय. दोन्ही चाचण्यांत दोष दिसत नाही, पण फोल्डर मात्र एका क्लिकला उघडतात, असं असेल तर स्विचवर यायच्या आत सेटिंग बघा. फाइल एक्सप्लोररच्या फोल्डर ऑप्शन्समध्ये ‘एका क्लिकने उघडा’ असा पर्याय असतो. घरातल्या कुणी चुकून तो चालू केला असेल तर प्रत्येक फोल्डर एका क्लिकला उघडतो आणि माउस बिघडल्यासारखा वाटतो. वरच्या पट्टीच्या चाचणीत मात्र हा पर्याय आड येत नाही, म्हणून ती आधी सांगितली.

माउस दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघतात तेव्हा एक चकवा लागतो. दुसरं मशीन विंडोजऐवजी लिनक्स या प्रणालीवर चालत असेल तर तिथे तो शहाण्यासारखा वागू शकतो. लिनक्समधल्या लिबइनपुट या भागात बटणाची अशी थरथर ओळखून गाळून टाकायची सोय आहे. शेजारच्या क्लासमध्ये उबुंटू आहे, तेही लिनक्सच. तिथे माझा माउस ठणठणीत चालला आणि त्यावरून मी पुन्हा आठवडाभर विंडोजला दोष देत बसले. तपासायचं तर विंडोजच्याच दुसऱ्या मशीनवर तपासा.

स्विचच्या आत काय होतं

हे समजून घेतलं की कुठला उपाय चालेल आणि कुठला नाही हे आपलं आपल्याला कळतं, म्हणून जरा थांबून सांगते.

बहुतेक माउसमध्ये डाव्या-उजव्या बटणाखाली एकाच मापाचा मायक्रोस्विच असतो: साधारण १२.८ मिलिमीटर लांब, ५.८ रुंद, ६.५ उंच. वर एक इवलीशी घुंडी, खाली तीन पाय. आत तांब्याच्या मिश्रधातूची स्प्रिंगसारखी ताणलेली पत्ती. घुंडी दाबली की पत्ती टचकन पलटते, तिचं टोक वरच्या बिंदूवरून सुटून खालच्या बिंदूवर आपटतं. आपण ‘क्लिक’ म्हणतो तो आवाज त्या आपटण्याचा.

ताटात नाणं टाकलं तर ते एकदम शांत होत नाही, थरथरून मग स्थिर होतं. पत्तीचंही तसंच. टेकते, उडते, पुन्हा टेकते. हे काही मिलिसेकंदांत संपतं. माउसमधली चिप पहिल्या स्पर्शानंतर थोडा वेळ बाकीच्या हालचालीकडे काणाडोळा करते, म्हणून आपल्याला एकच क्लिक मिळतं. पत्तीचा ताण वर्षा-दोन वर्षांत उतरला, बिंदूंवर ऑक्साइडचा थर बसला की थरथर लांबते. चिपने ठरवून दिलेल्या वेळेच्या बाहेर गेली की चिप म्हणते, बोट उचललं आणि पुन्हा दाबलं. बटण दाबून धरलेलं असताना दाब कमी पडून संपर्क क्षणभर सुटला तर ओढणं तुटतं. म्हणजे दोन्ही लक्षणांचं मूळ एकच आहे.

स्विचच्या बाजूला बारीक अक्षरात आयुष्य छापलेलं असतं, २०एम म्हणजे २ कोटी क्लिक, ५०एम म्हणजे ५ कोटी. मी हिशेब केला होता. दिवसाला ५,००० क्लिक धरले तरी २ कोटीला ४,००० दिवस लागतात, म्हणजे जवळजवळ अकरा वर्षं. मग चौदा महिन्यांत का गेला? कारण तो आकडा पत्ती तुटेपर्यंतचा असतो, संपर्क स्वच्छ राहण्याचा नव्हे. आणि आजच्या माउसमध्ये, त्यातही सेलवर चालणाऱ्या, स्विचमधून जाणारा प्रवाह फार क्षीण असतो. जरा जोरकस प्रवाह असेल तर तो ऑक्साइडचा पातळ थर फोडून जातो. क्षीण प्रवाह त्याच्यापुढे अडतो. वीज वाचवणं ठीकच आहे, पण मग त्या प्रवाहाला साजेसा, सोन्याच्या मिश्रधातूचे बिंदू असलेला स्विच बसवायला हवा. तसे स्विच मिळतात. स्वस्त माउसमध्ये ते बसवत नाहीत, हा माझा खरा राग आहे.

गेमिंगचे महाग माउस या दुखण्यातून सुटलेले नाहीत, उलट काहींमध्ये ते लवकर दिसतं. खेळणाऱ्याला झटपट प्रतिसाद हवा म्हणून त्यांत थरथरीकडे काणाडोळा करायची वेळ कमी ठेवलेली असते. ऑफिसातला साधा माउस तीच थरथर आणखी काही महिने पोटात घालतो.

आणि मुळात एका थरथरीने एवढा गोंधळ का व्हावा? डग्लस एंगलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी १९६४ मध्ये कॅलिफोर्नियात लाकडी खोक्याचा पहिला माउस केला, त्याला एकच बटण होतं. १९७३ च्या झेरॉक्स आल्टो या कॉम्प्युटरच्या माउसला तीन आली. नवख्याने कुठलं दाबायचं हा घोळ नको म्हणून ॲपलने १९८३ च्या लिसा कॉम्प्युटरच्या माउसला पुन्हा एकच बटण ठेवलं. मग ‘निवडणं’ आणि ‘उघडणं’ ही दोन कामं एकाच बटणाकडून कशी करून घ्यायची? दोन टिचक्या मारून. पुढे मॅक आणि विंडोजमधून ही सवय जगभर गेली. तेव्हापासून बटणाच्या दोन दाबांमधल्या वेळेला अर्थ आला. म्हणून पत्तीची थरथर कॉम्प्युटरला आज्ञा वाटते.

न उघडता काय होतं, काय होत नाही

कुणीही पहिला सल्ला देतं, कंट्रोल पॅनेलमध्ये डबल क्लिकचा वेग बदला. त्याने हे बरं होत नाही. ती सरकपट्टी ९०० ते २०० मिलिसेकंदांमध्ये फिरते, मुळात ५०० वर असते. पत्तीची थरथर त्याहून कितीतरी कमी वेळात होऊन जाते, त्यामुळे सगळ्यात कडक सेटिंगलाही ती डबल क्लिकच ठरते. उलट तुमचे खरे डबल क्लिक चुकायला लागतात.

ड्रायव्हर काढून घालणं, पोर्ट बदलणं, माउसपॅड बदलणं, यातल्या कशाचाही पत्तीशी संबंध नाही.

काही माउसच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘डिबाउन्स’ नावाचा आकडा असतो. असेल तर तो वाढवा. थरथरीकडे दुर्लक्ष करायची वेळ वाढते आणि माउस काही महिने आणखी चालतो. ऑटोहॉटकी या मोफत प्रोग्रॅमची लहानशी स्क्रिप्ट लावूनही फार जवळ आलेलं दुसरं क्लिक अडवता येतं. पण सावध राहा. ओढताना संपर्क सुटला की ‘बोट उचललं’ हा निरोप विंडोजला जातोच आणि नंतरचं ‘पुन्हा दाबलं’ स्क्रिप्ट अडवते. म्हणजे ओढणं तुटल्यावर परत जुळतसुद्धा नाही. पेंटच्या चाचणीत रेघ तुटत असेल तर स्क्रिप्टच्या नादी लागू नका.

चष्म्याची काच पुसायला तोंडाची वाफ मारतो तशी डाव्या बटणाच्या फटीत दोन-तीनदा वाफ मारा आणि पटापट शंभर क्लिक करा. बऱ्याचदा माउस काही तास सुधारतो. संध्याकाळी फाइल द्यायची आहे आणि दुसरा माउस नाही, तर हे उपयोगी पडतं. ह्याला इलाज मात्र समजू नका.

वॉरंटी शिल्लक असेल तर माउस उघडू नका. वरच्या पट्टीच्या चाचणीचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, बोट आणि स्क्रीन दोन्ही दिसतील असा, आणि बिलासोबत दाखवा. तोंडी सांगितलं की ‘सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम असेल’ म्हणून परत पाठवतात. व्हिडिओ दाखवल्यावर मला दोनदा मुकाट्याने बदलून मिळाला.

उघडायचा असेल तर

स्क्रू दिसत नाहीत, कारण ते पोटाखालच्या गुळगुळीत पायपट्ट्यांच्या किंवा स्टिकरच्या आड असतात. सेलवाल्या माउसमध्ये एखादा सेलच्या कप्प्यातही असतो. रोज हाताळायच्या वस्तूचे स्क्रू लपवणं म्हणजे ‘उघडू नका, नवा घ्या’ असं सांगणंच आहे, आणि ते मला पटत नाही. हेअर ड्रायरने पट्टी अर्धा मिनिट गरम करा, बोथट पातीने एका टोकाकडून हळूच उचला, चिकट बाजू वर करून प्लास्टिकच्या कागदावर ठेवा. ताणून काढली तर तिला मुरड पडते आणि मग माउस कायमचा डुगडुगतो.

उघडायच्या आधी सेल काढा. आत चार्जिंगची बॅटरी असेल तर तिचा कनेक्टर सोडवा. वरचं आणि खालचं कवच कधीकधी रिबनच्या पट्टीने जोडलेलं असतं, म्हणून झटका देऊन उघडू नका. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढत जा.

आत गेल्यावर स्विचच्या आधी वरच्या बटणाची आतली बाजू बघा. तिथे प्लास्टिकचा एक टेंगळासारखा उंचवटा असतो, तोच स्विचची घुंडी दाबतो. हजारो दाबांनी तो झिजतो, त्यावर बारीक खळगा पडतो. मग बटण आधी पोकळ खाली जातं आणि नंतर क्लिक होतं, किंवा हलक्या दाबाला क्लिक होतच नाही. तुमची तक्रार ‘दोनदा होतं’ अशी नसून ‘कधीकधी होतच नाही’ अशी असेल तर दोष इथे असू शकतो. इन्सुलेशन टेपचा ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा उंचवट्यावर चिकटवा. एकच थर. दोन थरांनी बटण कायमचं दाबलेलं राहतं. नणंदेच्या माउसला एवढंच करावं लागलं. महिनाभर ती बटण जोर लावून दाबत होती आणि तर्जनीचं पेर दुखतंय म्हणून मलम चोळत होती. टेप लावल्यावर तीन-चार दिवसांत दुखणं थांबलं.

उंचवटा ठीक असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल, मोबाइल दुरुस्तीवाले ज्याला आयपीए म्हणतात ते, घ्या. सुईच्या टोकाने एक थेंब घुंडीच्या बुडाशी सोडा, घुंडी शंभर वेळा दाबा, आणखी एक थेंब, पुन्हा शंभर. पंधरा मिनिटं वाळू द्या आणि मगच माउस जोडा. थर साचल्यामुळे त्रास असेल तर याने महिनोन्महिने निभावतं. पत्तीचा ताण उतरला असेल तर आठवड्यात परत येतो. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे मात्र कधीही मारू नका. तेल आत राहतं, धूळ धरतं आणि उरलासुरला संपर्कही जातो.

स्विचचं झाकण उचकटून पत्ती बाहेर काढून तिला पुन्हा ताण देता येतो. मी केलंय. झाकण दोन बारीक कड्यांवर बसलेलं असतं, ब्लेडच्या टोकाने उघडतं आणि त्याच क्षणी घुंडी उडते. म्हणून खाली पांढरा पंचा अंथरा. पत्तीची मधली जीभ केसभर जास्त वाकवायची, साध्या बाँड पेपरची चिंचोळी पट्टी आयपीएत भिजवून दोन्ही बिंदूंवरून ओढायची, आणि मग तीन ठिकाणी अडकवत पत्ती परत बसवायची. शेवटच्या पायरीला भिंग लागतं आणि हात स्थिर लागतो. माझे पाचांत तीन जमले. दोन पत्त्या वाकून कायमच्या गेल्या. एवढ्या खटपटीपेक्षा स्विच बदलणं सोपं आहे, असं माझं मत झालंय.

स्विच बदलणं

नवा स्विच घ्यायचा तर ऑम्रॉन कंपनीचा डी२एफ-०१एफ मागा. तो सूक्ष्म प्रवाहासाठीच केलेला आहे आणि त्याचे बिंदू सोन्याच्या मिश्रधातूचे असतात. केल आणि हुआनो या कंपन्यांचेही चालतात, फक्त क्लिकचा जोर आणि आवाज वेगळा लागतो. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला सुट्या भागांच्या दुकानांत विचारा. जुना माउस सोबत न्या आणि नवा स्विच शेजारी ठेवून उंची व पायांमधलं अंतर जुळवून बघा. नेहमी जोडीने घ्या, दोन्ही बटणांचा जोर सारखा राहतो. आमच्याकडे दोन स्विच मिळून एका साध्या थाळीच्याही खाली पडतात.

बाजारात जायला वेळ नसेल तर स्विच तुमच्या घरातच आहे. त्याच माउसचं उजवं बटण आपण डाव्याच्या मानाने फार कमी वापरतो, आणि तिथे बहुधा तोच स्विच असतो. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. खोक्यात पडलेला जुना गोळीवाला माउस असेल तर त्यातलेही बघा. माझ्या कामाच्या माउसमध्ये बरेच महिने तशाच एका जुन्या माउसचा स्विच होता.

सोल्डरिंगचा हात नसेल तर मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे पीसीबी (ज्यावर स्विच जोडलेले असतात तो आतला बोर्ड) आणि स्विच घेऊन जा, दहा मिनिटांचं काम आहे. स्वतः करणार असाल तर दोन-तीन गोष्टी जपा. कारखान्यातला जोड शिसंविरहित असतो, तो लवकर वितळत नाही. त्यावर आधी थोडं ताजं सोल्डर वितळवा, मग तिन्ही पायांवर मिळून एक मोठा थेंब करा आणि तो वितळलेला असतानाच वरून स्विच ओढून घ्या. एकेक पाय सोडवत बसलात तर पीसीबीवरची तांब्याची चकती उखडते, आणि ती उखडली की काम फारच वाढतं. साडेतीनशे अंशांच्या आसपास तापमान, टोक एका जागी तीन सेकंदांपेक्षा जास्त नको.

दिशा चुकवू नका. घुंडी स्विचच्या बरोबर मध्यावर नसते, एका टोकाकडे असते. उलटा बसवला तर पाय नीट शिरतात, काम झाल्यासारखं दिसतं, आणि कवच लावल्यावर बटणाचा उंचवटा घुंडीवर येतच नाही. मी एकदा हे केलंय आणि सगळं पुन्हा काढावं लागलं. आधी एकच पाय सोल्डर करा, स्विच बोर्डाला सपाट टेकलाय का ते बाजूने एक डोळा मिटून बघा, तिरका असेल तर तेवढा एक पाय गरम करून बसवा, आणि मग बाकीचे दोन. तिरक्या स्विचचं क्लिक खरखरीत लागतं, दिवसभर काम करणाऱ्या बोटाला ते लगेच कळतं.

कवच बंद करायच्या आधी केबल किंवा सेल जोडून पट्टीची आणि पेंटची चाचणी घ्या. मगच स्क्रू आणि पायपट्ट्या.

असाच वाटणारा, पण वेगळा त्रास

वायरलेस माउसमध्ये ओढणं तुटतंय आणि त्याच वेळी कर्सरही अडखळतोय, तर स्विचकडे जाऊ नका. संपर्क स्विचचा तुटला तर कर्सर छान पळत राहतो. सिग्नल तुटला तर कर्सरही थबकतो. आधी नवा सेल घाला. मग रिसीव्हर, म्हणजे माउसचा सिग्नल घेणारा कॉम्प्युटरला लावायचा तुकडा, कुठे लावलाय बघा. यूएसबी ३.० चे पोर्ट आणि त्यांना जोडलेली हार्ड डिस्क २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करतात, आणि असे बरेच माउस त्याच पट्ट्यात बोलतात. रिसीव्हर निळ्या (बहुधा ३.० च्या) पोर्टातून काढा किंवा हातभर यूएसबी एक्स्टेंशनने टेबलावर आणून ठेवा. हार्ड डिस्कवर मोठी फाइल कॉपी होत असतानाच माउस अडखळत असेल तर हेच कारण.

केबलवाला माउस मध्येच बंद होऊन विंडोजचा ‘टुंग’ आवाज येतो, तर केबल माउसमधून बाहेर पडते त्या जागी तुटत आलेली असते. तिथे वाकवून बघा.

चाक फिरवताना पान खाली जायचं ते मध्येच वर उडी मारतं, हा चाकाच्या आसाजवळच्या एन्कोडरचा, म्हणजे चाकाचं फिरणं मोजणाऱ्या भागाचा दोष. बहुतेक वेळा धूळ आणि आसाभोवती गुंडाळलेले केस असतात. चिमट्याने काढा, एन्कोडरमध्ये आयपीएचा थेंब, भरपूर फिरवा.

बाहेरचं रबरी आवरण चिकट झालं असेल, आपल्याकडच्या दमट हवेत दोन-चार वर्षांत होतंच, तर तेच आयपीए फडक्यावर घेऊन घासा. आवरण निघून जाईल आणि खालचं साधं प्लास्टिक उघडं पडेल. दिसायला डावं, पण हाताला स्वच्छ.

नवाच घ्यायचा असेल तर

प्रकाशावर चालणारे स्विच असलेले माउस आता मिळतात. रेझर कंपनीने २०१९ मध्ये वायपर या माउसमध्ये ते आणले, इतरांचेही आहेत. त्यात पत्ती बिंदूवर आपटून क्लिक ठरत नाही. बटण दाबलं की प्रकाशाच्या किरणाची वाट मोकळी होते किंवा अडते, त्यावरून चिप ओळखते. धातूचा संपर्कच नसल्यामुळे ही थरथरही नाही. दिवसभर क्लिक करणाऱ्याने पैसे जमत असतील तर तसा घ्यावा. खरेदी करताना चौकशी मात्र नीट करा. खोक्यावरचा ‘ऑप्टिकल माउस’ हा शब्द पोटाखालच्या सेन्सरबद्दल असतो, बटणाच्या स्विचबद्दल नव्हे. दुकानदारही यात गल्लत करतात. आणि तो स्विच गेला तर बाजारातला साधा स्विच त्याच्या जागी बसत नाही.

मी अजून साधाच वापरते, कारण तो मला दुरुस्त करता येतो. दुकानात माउस हातात घेतल्यावर आधी उलटा करते आणि स्क्रू उघडे आहेत का ते बघते. मग दोन्ही बटणांवर अगदी कडेला, मधे आणि मागे असं तीन ठिकाणी दाबून जोर सारखा लागतो का ते बघते. स्विच बदलला की पोटावर मार्करने तारीख लिहून ठेवते. पुढच्या वेळी आजोबांची ओळ फिरली, तर आधी माउस उलटा करून ती तारीख बघायची आणि पट्टीवर पन्नास क्लिक मोजायचे. कोरलला त्यानंतर हात लावायचा.